केवल, मिश्र, संयुक्त : एका वर्गीकरणाचा मराठी प्रवास

काही वर्षांपूर्वी घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगरउतारावरील वस्तीत, एका मंडळाच्या खोलीत आम्ही काही जण संध्याकाळी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवीत असू. मुले मराठी माध्यमाची. शब्द पाठ असत, काळांचे तक्तेही पाठ असत. परंतु 'क्लॉज' हा शब्द फळ्यावर आला, की वर्गात शांतता पसरे. त्या दिवशी आम्ही वाक्यप्रकार शिकवीत होतो. मराठीतून समजावले की सोपे जाईल, या हिशेबाने आम्ही आधी एक मराठी वाक्य लिहिले : 'काल आलेला पाहुणा आज गेला.' वाक्याचा प्रकार विचारला. उत्तर बरोबर आले : केवल वाक्य. मग त्याखाली त्याचे इंग्रजी लिहिले : 'द गेस्ट हू केम यस्टरडे लेफ्ट टुडे.' याचा प्रकार? कोणीच बोलेना, तेव्हा आम्हीच सांगितले : कॉम्प्लेक्स, म्हणजे मिश्र. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, पाहुणा तोच, येणं तेच, जाणंही तेच. मग मराठीत साधं असलेलं वाक्य इंग्रजीत मिश्र कसं झालं?"

आम्ही ठरीव उत्तर दिले. इंग्रजी वाक्यात दोन पूर्ण क्रियापदे आहेत, मराठी वाक्यात एकच आहे. 'आलेला' हे क्रियापद नसून धातुसाधित विशेषण आहे. उत्तर चुकीचे नव्हते. मुलीने ते वहीत उतरवूनही घेतले. पण तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते; आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. ज्या चौकटीतून आम्ही दोन्ही भाषा एकाच फळ्यावर मोजत होतो, ती चौकट आली कोठून? ती मराठीची स्वतःची आहे, की तीही पाहुणीच आहे? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभी एक भेद स्पष्ट करणे इष्ट. शाळेत वाक्यांचे प्रकार दोन परींनी शिकवले जातात. एक परी अर्थावरून : विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. ही मुलांना फारशी जड जात नाही, कारण विधान करणे, प्रश्न विचारणे, हुकूम सोडणे आणि आश्चर्य व्यक्त करणे ही माणसाची सर्व भाषांतली कामे आहेत. दुसरी परी रचनेवरून : केवल, मिश्र आणि संयुक्त. खरी अडचण येथे आहे, आणि इतिहासही येथेच आहे.

आपल्याकडे वाक्याचा विचार नव्हता असे मुळीच नाही. पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके लिहिणाऱ्या कात्यायनाने वाक्याचे एक लक्षण एका तिङन्त क्रियापदावर बसवले आहे. जेथे असे एक क्रियापद, तेथे एक वाक्य. मीमांसकांनी दुसरी वाट धरली. ज्या पदांचा मिळून एक अर्थ होतो आणि जी परस्परांपासून तोडली असता अपुरी वाटतात, त्यांचे एक वाक्य, असा त्यांचा विचार. यातूनच आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही त्रयी पुढे रूढ झाली. 'विस्तवाने शिंपतो' असे कोणी म्हटले, तर विभक्ती आणि क्रियापद जागच्या जागी असूनही वाक्यार्थ जमत नाही, कारण तेथे योग्यता नाही. भर्तृहरीने तर वाक्य हेच मूळ अखंड एकक मानले आणि पदे ही त्याची अभ्यासापुरती केलेली फोड ठरवली. एवढा सूक्ष्म विचार असलेल्या या परंपरेत केवल, मिश्र, संयुक्त अशी तीन खणांची पेटी मात्र नाही. वाक्य म्हणजे काय, हा तिचा प्रश्न होता. वाक्याच्या पोटात किती वाक्ये आहेत, हा नव्हता.

मराठी गद्याची चालही या पेटीची वाट पाहत थांबलेली नव्हती. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त छोटी, बोलती, तुटक वाक्ये आहेत. पुढे बखरींत आणि पत्रव्यवहारात वाक्य लांबत गेले, पण ते लांबले 'करून', 'जाऊन', 'घेऊन', 'असता' यांच्या साखळीने. मोहिमेवर निघणे, नदी उतरणे, ठाणे बसवणे, शत्रूला गाठणे ही सारी कामे एकामागून एक धातुसाधितांत ओवली जात आणि क्रियापद शेवटी एकदाच येई. आजच्या शालेय व्याख्येने पाहिले, तर अर्ध्या पानाचे असे वाक्य 'केवल'च ठरते. मोडीत तर शब्दांमध्येही जागा सोडण्याची रीत नव्हती. आधी ओळ आखून घेत आणि तिच्याखाली अक्षरे लावीत जात. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांचा संबंधच नव्हता. वाक्य कोठे मोडते हे डोळ्याला कळत नसे. ते वाचणाऱ्याच्या कानाला कळे.

या स्थितीत एकोणिसावे शतक उजाडले. विल्यम कॅरे यांचे मराठी भाषेचे इंग्रजीतील व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरहून निघाले. ते मराठी माणसासाठी नव्हते. मराठी शिकू पाहणाऱ्या कंपनीच्या नोकरांसाठी होते. मराठी मुलांना मराठीतून मराठीचे व्याकरण शिकवावे ही गरज उभी राहिली ती मुंबईत शाळा आणि शाळाखाती निघाल्यावर. त्या गरजेतून १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आले. बाळशास्त्री जांभेकर आणि गंगाधरशास्त्री फडके यांची व्याकरणेही त्याच सुमाराची. दादोबांचे पुस्तक मात्र पुन्हा पुन्हा सुधारून निघत राहिले आणि पिढ्यांच्या हाती गेले. 'मराठीचे पाणिनी' हे बिरुद त्यांना त्यावरूनच लाभले.

दादोबांचा जन्म मुंबईचा, १८१४ सालचा. पण आडनावातले तर्खड हे गाव वसई तालुक्यातले. बोरिवलीहून पुढे विरार लोकलने जाणाऱ्या प्रवाशाला वसईची खाडी ओलांडताना कदाचित ठाऊक नसेल, की आपण ज्या व्याकरणावर वाढलो, त्याच्या कर्त्याचे नाव या खाडीपलीकडच्या एका लहानशा गावावरून आले आहे. दादोबा एल्फिन्स्टनच्या परंपरेत घडले. संस्कृताची जाण आणि इंग्रजी व्याकरणाची मांडणी ही दोन्ही त्यांच्यापुढे होती, आणि त्या काळी इंग्रजी व्याकरण म्हणजे मुख्यतः लिंडले मरे यांचे १७९५ सालचे पुस्तक. मरे हे मूळचे अमेरिकेतील वकील, क्वेकर पंथाचे, यॉर्कजवळ येऊन राहिलेले. तेथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक रचले आणि ते इंग्रजी जिकडे गेली तिकडे गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मरे यांच्या व्याकरणात रचनेवरून वाक्याचे प्रकार दोनच आहेत : साधे आणि जोडलेले. एक कर्ता आणि एक पूर्ण क्रियापद असले की साधे; अशी दोन वा अधिक वाक्ये जोडली की जोडवाक्य. 'मिश्र' हा तिसरा प्रकार तेथे नाही. म्हणजे ज्या वर्षी दादोबांचे व्याकरण छापले गेले, त्या वर्षी इंग्लंडातील शाळकरी मुलालाही आपण आज शिकवतो ते तीन प्रकार सामान्यतः ठाऊक नव्हते. जी चौकट आपण सनातन समजतो, ती त्या वेळी इंग्रजीतही रुळलेली नव्हती.

ती आली जर्मनीतून. कार्ल फर्डिनांड बेकर हे गृहस्थ पेशाने वैद्य. पुढे भाषाविचाराकडे वळले. भाषा हा एक सेंद्रिय देह आहे आणि वाक्याचे अवयव त्या देहाच्या अवयवांसारखे एकमेकांवर अवलंबून आहेत, ही त्यांची धारणा. तिच्यातून त्यांनी असे मांडले, की गौण वाक्य म्हणजे मुख्य वाक्यातील एखादे नाम, विशेषण वा क्रियाविशेषणच. फक्त ते फुलून वाक्याएवढे झाले आहे. इंग्लंडात शाळा-तपासनीस असलेल्या जॉन डॅनिएल मोरेल यांनी १८५२ मध्ये वाक्यपृथक्करणावर लिहिलेल्या पुस्तकातून बेकर यांची ही पद्धत इंग्रजीच्या वर्गात आणली. तपासनिसाच्या हाती परीक्षा असते. पद्धत सोपी, गुण देण्यास सोयीची आणि फळ्यावर मांडता येणारी. ती झपाट्याने पसरली. साधे, जोड आणि मिश्र. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य : ही सारी कुटुंबव्यवस्था तेथली.

हिंदुस्थानात ती पोहोचली ती विद्यापीठांबरोबर. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि मॅट्रिकची परीक्षा हा मध्यमवर्गाच्या घराचा उंबरठा झाला. इंग्रजी उत्तरपत्रिकेत वाक्य फोडून दाखवता येणे ही त्या उंबरठ्यावरची एक पायरी. शतकाच्या अखेरीस जॉन कॉलिन्सन नेसफील्ड यांची व्याकरणे आली. नेसफील्ड हे वायव्य प्रांत आणि अयोध्या येथील शिक्षणखात्यात वरिष्ठ अधिकारी होते. हिंदी विद्यार्थी कोठे अडखळतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या पुस्तकांत उपवाक्ये ओळखण्याचे, बदलण्याचे, एकाची दुसरी करण्याचे पाठच्या पाठ आहेत. परीक्षेतील 'वाक्यरूपांतर' हा आपल्या परिचयाचा प्रकार या परंपरेतला.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीच्या तासाला शिकवलेली ही पद्धत मराठीच्या तासाला येणे अपरिहार्य होते, कारण बहुधा मुले तीच, शाळा तीच आणि परीक्षाही तीच. नावे संस्कृतातून घडवली गेली, म्हणून ती जुनी वाटतात. परंतु एका नावाने सगळा प्रवास उघड केला आहे. इंग्रजीत 'सेंटेन्स' वेगळा आणि 'क्लॉज' वेगळा. मराठीत आपण दोहोंनाही 'वाक्य'च म्हणतो : प्रधान वाक्य, गौण वाक्य, नामवाक्य. 'पोटवाक्य' आणि 'उपवाक्य' हे शब्द आहेत; तरी तेही 'वाक्या'चेच धाकटे भाऊ. असे का झाले असावे? आम्हांला वाटते, जेथे एक पूर्ण क्रियापद तेथे एक वाक्य, हे कात्यायनाचे माप मराठी शास्त्रीमंडळींच्या हाडीमासी इतके खिळले होते, की बेकर-मोरेल यांचा क्लॉज समोर आला तेव्हा त्यांना तो निराळा पदार्थ वाटलाच नाही. त्यात क्रियापद आहे, म्हणजे ते वाक्यच. मग मिश्र वाक्य म्हणजे वाक्यांचे वाक्य. वर्गातला आमचा अर्धा घोटाळा येथलाच होता. 'क्लॉज म्हणजे काय?' या प्रश्नाला 'वाक्यातले वाक्य' असे आम्ही उत्तर देत होतो, आणि 'मग वाक्य म्हणजे काय?' हा पुढचा प्रश्न मुले संकोचाने गिळत होती.

या आयात चौकटीवर मराठीत टीका झाली नाही असे नाही. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा बृहद्ग्रंथ १९११ मध्ये निघाला. संस्कृत आणि इंग्रज वैयाकरण समोर ठेवून, पूर्वीच्या मराठी वैयाकरणांची मते एकेक तपासत केलेला तो विचार आजही मागे टाकता येत नाही. पुढे अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये मराठी व्याकरणाच्या पुनर्विचाराची मागणीच पुस्तकरूपाने केली, आणि कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी या व्याकरणातील वाद व प्रवाद निर्भीडपणे निवडले. मराठीचे व्याकरण संस्कृत आणि इंग्रजी या दोन साच्यांत ओतले गेले आहे, हे अभ्यासकांच्या वर्तुळात आता नवे राहिलेले नाही. मात्र ते शाळेच्या फळ्यापर्यंत उतरले नाही.

फळ्यावर काय घडते ते पाहू. मराठी बोलताना आपण क्रिया एकमेकींत गुंफण्यासाठी धातुसाधिते फार वापरतो. 'पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो.' 'तो येणार असल्याचे मला कळले.' 'घरी जाऊन, हातपाय धुऊन, जेवून तो झोपला.' ही तिन्ही केवल वाक्ये. त्यांची सहज इंग्रजी रूपे करावीत, तर पहिल्यात 'व्हेन'चे उपवाक्य येते, दुसऱ्यात 'दॅट'चे, आणि तिसऱ्यात क्रियापदे 'अँड'ने जोडावी लागतात. उलट, इंग्रजीतील 'हू', 'विच', 'व्हेन'ची उपवाक्ये मराठीत अक्षरशः आणली, तर 'तो मुलगा, जो काल आला होता, माझा भाऊ आहे' असे काहीतरी तयार होते. ते समजते, पण आपल्या घरात कोणी तसे बोलत नाही.

मराठीची स्वतःची 'जो-तो' रचना याहून निराळी आहे. 'जो पाहुणा काल आला तो आज गेला.' येथे 'जो'चा भाग आधी येतो आणि 'तो' त्याला मागाहून झेलतो. तराजूच्या दोन पारड्यांसारखे दोन्ही भाग एकमेकांना तोलून धरतात. इंग्रजीतले विशेषणवाक्य नामाच्या पाठीशी चिकटून बसते. मराठीतले नामाच्या आधी जाऊन वाट अडवते. शालेय व्याकरण दोहोंना एकच नाव देते. नाव देण्यास हरकत नाही. पण नाव एक म्हणून वस्तूही एकच, असे मूल समजते, आणि मग 'हू'च्या जागी 'जो' ठेवून भाषांतर करीत सुटते.

'म्हणून' या शब्दाची गोष्ट अधिक बोलकी आहे. मुळात हे 'म्हणणे' या धातूचेच रूप, 'करून' आणि 'जाऊन' यांच्या पंगतीचे. शालेय व्याकरणात ते दोन ठिकाणी आढळते : परिणामबोधक म्हणून प्रधानत्वसूचक अव्ययांत, आणि स्वरूपबोधक म्हणून गौणत्वसूचकांत. 'त्याने चोरी केली म्हणून त्याला शिक्षा झाली' हे संयुक्त. 'त्याला शिक्षा झाली, कारण त्याने चोरी केली' हे मात्र मिश्र. मराठी कानाला या दोन वाक्यांतील नाते एकच ऐकू येते. ते दोन खणांत का पडले? इंग्रजीत 'सो' जोडतो आणि 'बिकॉज' पोटात घेतो, हे लक्षात आणले की उलगडा होतो. सीमारेषा बरोबर तेथेच आखली गेली आहे, जेथे ती इंग्रजीत होती. रेषेच्या या बाजूला स्वतंत्रपणे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

यावरून आमचा निष्कर्ष असा मुळीच नाही, की ही चौकट परकी म्हणून टाकून द्यावी. परकेपणा हा दोष नव्हे. आज आपण ज्या विरामचिन्हांशिवाय मराठी वाचूच शकणार नाही, तीही इंग्रजीच्या धर्तीवर आली, आणि ती मराठीत रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. बेकर यांची कल्पना इंग्रजीलाही जर्मनकडून उसनी मिळाली होती. उसने आणले याची खंत नाही. उसने आणलेले आपल्या अंगावर बसवून घेतले नाही, याची आहे.

ते बसवण्याची एक संधी आपल्याकडे होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' मुंबई-पुण्याच्या कित्येक पिढ्यांनी गिरवली. तिची रीत साधी : नियम थोडक्यात, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी करा आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी. आज ती रीत जुनाट ठरली आहे, आणि तिच्यातील पाठांतराचा जाच खराही होता. तथापि तिच्यात एक गुण होता. शिकणारा दोन भाषांच्या मधल्या पुलावर रोज दोन्ही दिशांनी चालत असे. 'आलेला' पलीकडे 'हू केम' होतो आणि 'हू केम' अलीकडे 'आलेला' होतो, हे कोणी सांगितले नाही तरी पायांना कळत असे.

पुढे पुस्तके बदलली. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण १९३५ च्या सुमारास निघाले आणि आजतागायत दुकानांत आहे. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते. १९१७ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले आणि पुढे 'बो जेस्ट' या कादंबरीने जगात गाजले. या व्याकरणाच्या स्वामित्वहक्काशी माणेकजी कूपर एज्युकेशन ट्रस्टचे नाव निगडित आहे. त्याच नावाची शाळा आपल्या जुहूत आहे. म्हणजे देशभरच्या मुलांना क्लॉज शिकवणाऱ्या ग्रंथाचा एक धागा अंधेरीच्या शेजारी येऊन पोहोचतो. पण हे पुस्तक मुळात इंग्रजी माध्यमातील मुलांसाठी होते. त्यात पूल नाही; पलीकडचा काठ तेवढा आहे.

स्वातंत्र्यानंतर धोरणांची आवर्तने झाली. मुंबई राज्यात प्रांतिक भाषांच्या शाळांत इंग्रजी आठवीपासून ठेवण्यात आली. पुढे ती पाचवीवर आली. २००० साली महाराष्ट्राने ती पहिलीपासून सुरू केली. शिकवण्याच्या पद्धतीही पालटल्या. आधी रचनांची घोकंपट्टी, मग संवादावर भर. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये हा दंडक दोहोंत समान. या दंडकामागे हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला, की व्याकरण परीक्षेत राहिले आणि त्याचे स्पष्टीकरण वर्गातून गेले. 'नॉट ओन्ली' आले की 'बट ऑल्सो' घाला, 'टू' काढायचे तर 'सो... दॅट' घाला, अशा गाईडमधल्या युक्त्या उरल्या. मूल मिश्र वाक्य तयार करते. ते मिश्र का झाले हे त्याला ठाऊक नसते.

याच काळात उपनगरांतले चित्रही बदलले. मुंबईतील महापालिकेच्या मराठी शाळांचा पट गेली दोन-अडीच दशके घसरत गेला आहे. मुलुंडमध्ये आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. थोरली मुलगी मराठी माध्यमातून शिकली, धाकटा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. एकदा सहज दोघांना जवळ बसवून विचारले. थोरलीला गौण वाक्य ठाऊक होते, धाकट्याला सबऑर्डिनेट क्लॉज ठाऊक होता. या दोन गोष्टी एकच आहेत हे दोघांनाही ठाऊक नव्हते. धाकट्याला मराठीचे व्याकरण हा पाठ करण्याचा एक वेगळाच विषय वाटतो. थोरलीला इंग्रजीचे व्याकरण ही आपल्याला न जमलेली गोष्ट वाटते. एकाच घरात, एकाच जेवणाच्या ताटाशी बसणाऱ्या दोघांना दोन भाषांच्या वाक्यांकडे एकाच वेळी पाहण्याची सवय कोणी लावली नाही.

आमच्या मते नुकसान आहे ते येथे. मराठी माध्यमाचे मूल इंग्रजी उपवाक्यात अडखळले, की आपण म्हणतो, त्याचे इंग्रजी कच्चे आहे. मूलही ते मानते आणि आयुष्यभर मानत राहते. वस्तुतः कित्येकदा त्याचे मराठी पक्के असते म्हणून ते अडखळते. त्याला 'पाऊस थांबल्यावर' असे एका घडीत म्हणण्याची सवय आहे. इंग्रजी त्याला ती घडी उलगडून दोन क्रियापदांत मांडायला सांगते. हे कोणी त्याला सांगितले, तर काम अवघड राहील, पण अपमानाचे राहणार नाही.

त्या मुलीचा प्रश्न आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा फळ्यावर घेतला. या वेळी इंग्रजीकडे जाण्याआधी मराठीतच थांबलो. 'काल आलेला पाहुणा आज गेला' आणि 'जो पाहुणा काल आला तो आज गेला' ही दोन्ही वाक्ये शेजारी लिहिली. पहिले केवल, दुसरे मिश्र, पाहुणा एकच. मग इंग्रजीत तसेच केले. 'द गेस्ट हू केम यस्टरडे लेफ्ट टुडे' हे मिश्र. 'यस्टरडेज गेस्ट लेफ्ट टुडे' हे साधे. चार वाक्ये, दोन भाषा, आणि प्रत्येक भाषेत दोन्ही प्रकार शक्य. मग मुलांना विचारले : आपण बोलताना यांतले कोणते म्हणतो? आणि इंग्रज मनुष्य कोणते म्हणत असेल? वर्गात प्रथमच व्याकरणावर भांडण झाले. एक मुलगा ठामपणे म्हणाला, की 'जो-तो' फक्त म्हणींत आणि आजीच्या बोलण्यात येते. दुसऱ्याने त्याला क्रिकेटवरच्या गप्पांतले उदाहरण देऊन खोडून काढले.

ती मुलगी मात्र बोलली नाही. तिने वहीत आपल्या चार ओळी लिहून आणून दाखवल्या. पाहुण्याऐवजी तिने पाण्याचा टँकर घेतला होता, कारण त्या आठवड्यात वस्तीत तोच विषय होता. 'सकाळी आलेला टँकर रिकामा गेला.' 'जो टँकर सकाळी आला तो रिकामा गेला.' खाली इंग्रजीत दोन ओळी, स्पेलिंगच्या दोन चुकांसह. पण उपवाक्य जागच्या जागी होते, नामाच्या पाठीशी. शेवटी तिने स्वतःच्या शब्दांत एक टीप लिहिली होती : प्रकार टँकरचा नसतो, सांगण्याचा असतो. आम्ही स्पेलिंग दुरुस्त केले आणि टिपेखाली बरोबरची खूण केली.